कार्ड रीडर : एका दुभाष्याची ओळख

हातात मावेल अशी प्लॅस्टिकची एक चपटी डबी. तिच्यातून निघालेली हातभर वायर, वायरीच्या टोकाला यूएसबीचे ओळखीचे चपटे तोंड, आणि डबीच्या कडेला कमीजास्त रुंदीच्या चार-पाच फटी. या वस्तूला बाजारात ‘ऑल इन वन कार्ड रीडर’ म्हणतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत ज्यांच्या घरी संगणक आणि डिजिटल कॅमेरा या दोन्ही वस्तू होत्या, त्यांच्या टेबलाच्या खणात ही डबी बहुधा असायचीच. कित्येक संगणकांच्या तर दर्शनी भागातच, जुन्या फ्लॉपीच्या जागी, ती बसवलेली येई. आजच्या विद्यार्थ्याला तिची गरज पडत नाही. त्याचा फोटो फोनमध्ये जन्मतो आणि फोनमध्येच राहतो. मग अशा मोडीत निघालेल्या वस्तूवर लेख कशासाठी, असे संपादक मंडळातल्या एका विद्यार्थिनीने मला स्पष्टच विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला उज्जैनमध्ये मिळाले, म्हणून आधी थोडे उज्जैनविषयी.

उज्जैन स्टेशनातून बाहेर पडले की हाकेच्या अंतरावर देवास गेट लागते. नावाप्रमाणेच देवासकडे जाणाऱ्या वाटेचे हे तोंड. तिथे बसस्टँड आहे, लॉज आहेत, पोहे-जिलबीच्या गाड्या आहेत आणि अलीकडे मोबाइलच्या दुकानांची रांग आहे. देवास म्हटले की आपल्या बेळगावकडच्या माणसाचे कान टवकारतात. जवळच्याच सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये आजारपणामुळे हवापालटासाठी देवासला गेले आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत तिथलेच होऊन राहिले. उज्जैनचे मराठीपण त्याहून बरेच जुने. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरला मुक्काम हलवीपर्यंत शिंद्यांची राजधानी उज्जैनलाच होती. त्या काळापासून तिथे रुजलेली मराठी घराणी आजही आहेत. घरात मराठी, दारात माळवी आणि बाजारात हिंदी, असा त्यांचा संसार असतो. माझ्या मामांचे घर त्यांपैकीच एक.

मामा आता नाहीत. गेल्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा मामींनी कपाटातून एक लहान डबी काढली. आत बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे, पातळ, काळे कार्ड होते. त्या म्हणाल्या, “ह्यांनी सिंहस्थात काढलेले फोटो यात आहेत म्हणे. दोन-चारच छापून घेतले होते, बाकीचे राहूनच गेले. तुझा विषय भौतिकशास्त्र ना? बघ काही निघतंय का.”

हा सिंहस्थ एप्रिल-मे २००४ चा. कॅमेरा घरात होता, पण त्याच्या बॅटरीने केव्हाच मान टाकली होती, आणि त्याच्या वायरीचे कॅमेऱ्याकडचे टोक असे काही खास घडणीचे होते की तसे दुसरे घरात कुठे सापडेना. मामींच्या अकरावीतल्या नातवाने कार्ड आपल्या लॅपटॉपच्या फटीत घालून पाहिले होते. ते बसेना. “काका, हे एसडी नाही,” त्याने मला सांगितले. मग आम्ही दोघे देवास गेटच्या दुकानांतून फिरलो. एका दुकानदाराने ते कार्ड उलटसुलट करून पाहिले, हसला आणि म्हणाला, “साहब, ये तो म्यूज़ियम में रख दीजिए.” त्याच्याकडे रीडर पुष्कळ होते, पण सगळे एसडी आणि मायक्रोएसडीचे. तिसऱ्या दुकानात मात्र खालच्या फळीवर धूळ खात पडलेली एक डबी निघाली. तिच्यावर ‘एकात बावन्न’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते.

या बावन्नाची गंमत आधी सांगतो. फटी मोजल्या तर पाच. एकाच फटीत बसणाऱ्या भावंडांना वेगवेगळे मोजून तो आकडा फुगवलेला असतो. एमएमसी, त्याचा आखूड भाऊ, एसडी, एसडीएचसी आणि अडॅप्टरात घातलेली मायक्रोएसडी ही सगळी एकाच फटीतून जातात, पण जाहिरातीत ती पाच मोजली जातात. त्यातही ते अडॅप्टर म्हणजे नुसत्या तारा. मायक्रोएसडीच्या आठ टोकांना एसडीच्या जागांपर्यंत पोचवणे एवढेच त्याचे काम, त्याला स्वतःची अक्कल नसते. मूळ वाण मोजायचे तर सहा-सातच निघतात.

कॉम्पॅक्टफ्लॅश हे यांतले थोरले. सॅनडिस्क कंपनीने ते १९९४ मध्ये आणले. जाड, चौकोनी, आणि कडेला पन्नास बारीक भोके. रीडरमध्ये तितक्याच सुया असतात. कार्ड तिरके घुसवले की एखादी सुई वाकते, आणि मग तो रीडर त्या कार्डापुरता संपला. १९९५ मध्ये तोशिबाचे स्मार्टमीडिया आले. ते जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचे, जणू जाड कागदाची चकतीच. १९९७ मध्ये एमएमसी, १९९८ मध्ये सोनीची लांबट मेमरी स्टिक, १९९९ मध्ये पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा या तिघांनी मिळून जाहीर केलेले एसडी, आणि २००२ मध्ये ऑलिंपस व फुजीफिल्म यांचे एक्सडी. मामींच्या डबीतले कार्ड हेच, एक्सडी, १२८ मेगाबाइटचे. पुढे २००५ मध्ये मायक्रोएसडी आली आणि फोनच्या लाटेवर स्वार होऊन तिने बाकी सगळ्यांना बाजूला सारले. खुद्द सोनीनेही २०१० पासून आपल्या कॅमेऱ्यांत एसडीला जागा दिली.

प्रत्येक कंपनीने आपले वेगळे कार्ड का काढले, याचे कारण तांत्रिक कमी आणि व्यापारी जास्त, असे माझे मत आहे. एकदा ग्राहकाने आपली फट असलेला कॅमेरा घेतला की पुढची सगळी कार्डे त्याने आपलीच घ्यावीत, हा हिशेब. त्या हिशेबात फोटो काढणाऱ्याच्या नातवंडांचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

आता मुख्य विषय. कार्डात फोटो राहतो कसा?

या सर्व कार्डांच्या पोटात एकच वस्तू आहे, फ्लॅश स्मृती. तिचा पाया १९६७ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधील डॉवॉन कांग आणि सायमन झी यांनी घातला. ट्रान्झिस्टरमध्ये विद्युत्प्रवाह अडवणारे किंवा सोडणारे जे द्वार असते, त्याच्याखाली त्यांनी आणखी एक द्वार कल्पिले. हे चारी बाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेले, कशालाही न जोडलेले, जणू तरंगते. पुरेसा विद्युत्दाब दिला तर इलेक्ट्रॉन तो पातळ थर पार करून आत शिरतात, आणि दाब काढून घेतला की आतच अडकून पडतात. बाहेर वीज असो वा नसो. आत इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत यावरून शून्य की एक ते ठरते. रिकामा कोष म्हणजे एक, भरलेला म्हणजे शून्य. तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी या तत्त्वावरची, मोठा भाग एका झटक्यात पुसता येणारी स्मृती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. पुसण्याची ती क्रिया पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली, म्हणून हे नाव. कार्डांत वापरतात तो नॅन्ड नावाचा प्रकार १९८७ चा.

ही स्मृती स्वस्त आहे, पण स्वभावाने हट्टी. तिच्यात एक-एक अक्षर हवे तेथे खोडून नवे लिहिता येत नाही. मामींच्या कार्डाच्या जातीत ५१२ बाइटांचे एक पान असते आणि अशा ३२ पानांचा एक गठ्ठा. लिहिणे पानागणिक, पण पुसणे मात्र गठ्ठ्यागणिकच. १२८ मेगाबाइटच्या कार्डात असे ८१९२ गठ्ठे असतात. त्यांतले काही जन्मतःच खराब, काही वापरून वापरून झिजलेले. म्हणून दर १०२४ गठ्ठ्यांमागे १००० कामाला लावायचे आणि २४ राखीव ठेवायचे, अशी व्यवस्था असते. शिवाय झीज एकाच जागी होऊ नये म्हणून नवे लिखाण दर वेळी वेगळ्या गठ्ठ्यात पडते. परिणाम असा की फोटोचा पहिला तुकडा कार्डाच्या पहिल्या गठ्ठ्यात असेल याची मुळीच खात्री नाही. वही तीच, पण पाने विस्कटलेली, आणि कुठल्या पानानंतर कुठले हे सांगणारा कोणीतरी हवा.

संगणकाला या भानगडीची काही कल्पना नसते. तो फक्त ‘मला शून्याव्या क्रमांकाचा खंड दे, आता सत्तराव्या क्रमांकाचा दे’ असे म्हणतो. खंड ५१२ बाइटांचा, क्रमांक सरळ चढते. या सरळ क्रमांकाचे विस्कटलेल्या पानांशी नाते जोडणारा जो दुभाष्या, त्याला नियंत्रक म्हणू. आणि येथेच सर्व कार्डांचे दोन पंथ पडतात.

कॉम्पॅक्टफ्लॅश, मेमरी स्टिक, एमएमसी, एसडी यांचा दुभाष्या कार्डाच्या पोटातच असतो. बाहेरून रीडरने नुसते ‘सत्तरावा खंड’ म्हटले की आतला कारकून तो शोधून आणून देतो. स्मार्टमीडिया आणि एक्सडी यांत मात्र तो नाही. तिथे नुसती स्मृती आणि तिची टोके. कार्ड स्वस्त आणि पातळ व्हावे म्हणून दुभाष्याचे काम बाहेर, म्हणजे कॅमेऱ्यावर किंवा रीडरवर टाकलेले. प्रत्येक पानाला जोडून १६ बाइटांची एक समासाची पट्टी असते. तिच्यात त्या पानाचा खरा क्रमांक आणि चूक दुरुस्त करण्यासाठीची काही चिन्हे लिहिलेली असतात. ती पट्टी वाचून विस्कटलेली वही जुळवायची ती रीडरने.

आपल्याच नियतकालिकाचे उदाहरण घ्या. यात मराठी विभाग आहे आणि कन्नड विभाग आहे. कागद एकच, शाई एकच, छपाई दोन्हीकडे सारखी स्वच्छ. तरी ज्याला कन्नड लिपी येत नाही त्याच्या दृष्टीने तो विभाग म्हणजे वळणदार नक्षी. दोष छपाईचा नाही आणि मजकूरही पुसलेला नाही, वाचणारा नाही एवढेच. एसडी कार्ड म्हणजे कन्नड लेखाबरोबर त्याचा मराठी दुभाष्याही घरी पाठवणे. एक्सडी म्हणजे नुसता लेख पाठवून ‘तुमच्या गावात कोणी कन्नड जाणणारा असेलच’ असे गृहीत धरणे. २००४ मध्ये असे जाणकार गल्लोगल्ली होते. आज ते देवास गेटच्या एका दुकानाच्या खालच्या फळीवर एकच शिल्लक होते. मामांच्या घरी माळ्यावर मोडी कागदांची एक ट्रंक आहे. तीही याच अवस्थेत आहे.

त्या डबीच्या आत एक छोटी चिप असते. तिची एक बाजू यूएसबीची भाषा बोलते आणि दुसरी बाजू पाच फटींच्या पाच भाषा. यूएसबीचा पहिला अधिकृत मसुदा जानेवारी १९९६ मध्ये निघाला. इंटेलमध्ये त्या कामात पुढे असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. सुरुवातीच्या यूएसबीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे व्यवहारात सुमारे एक मेगाबाइट. १२८ मेगाबाइटला दोन मिनिटांहून जास्त लागत. २००० मधल्या दुसऱ्या आवृत्तीने तो वेग कागदावर चाळीसपट केला. रीडर जोडताच संगणकात एकदम चार-पाच नव्या ड्राइव्ह दिसू लागतात आणि त्यांतल्या बऱ्याच रिकाम्या असतात. पुष्कळांना हा बिघाड वाटतो. तो बिघाड नाही. प्रत्येक फट म्हणजे एक स्वतंत्र दार, आणि दारामागे कोणी असो-नसो, रीडर त्याची पाटी लावून ठेवतो.

आम्ही कार्ड घातले. एका दारामागे हालचाल झाली आणि संगणकाने विचारले, ‘या ड्राइव्हमधील डिस्क फॉरमॅट करणे आवश्यक आहे. करू का?’ नातवाचा हात ‘हो’कडे निघालाच होता. मी म्हटले, थांब.

हा प्रश्न फार फसवा आहे. संगणकाला जे वाचता येत नाही त्याला तो ‘कोरे’ समजतो आणि मोठ्या सौजन्याने पुसून द्यायला पुढे होतो. वास्तविक अशा वेळी कारणे साधी असू शकतात. कार्डाच्या टोकांवर मळ बसलेला असतो. कार्ड पुरते आत गेलेले नसते. किंवा रीडर जुना आणि कार्ड नव्या जातीचे असते. हा शेवटचा प्रकार एसडीतही होतो. जुने एसडी कार्ड जागा मोजते ती एकेका बाइटने, आणि ३२ अंकी द्विमान संख्येत चार गिगाबाइटपुढे मोजताच येत नाही. म्हणून २००६ मध्ये आलेले एसडीएचसी ५१२ बाइटांच्या खंडाने मोजू लागले. आकार तोच, फट तीच, पण मोजणीचे माप बदललेले. त्यामुळे २००४ चा रीडर २००७ चे कार्ड पाहून गप्प बसतो. आमच्या बाबतीत कारण मळाचे निघाले. कोरड्या मऊ कापडाने सोनेरी टोके हलक्या हाताने पुसली, कार्ड पुन्हा घातले, आणि पडद्यावर डीसीआयएम नावाचे फोल्डर उमटले.

हे नाव सर्व डिजिटल कॅमेऱ्यांत सारखेच का, याचे उत्तर १९९८ च्या एका जपानी नियमावलीत आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकमेकांची कार्डे वाचू शकावेत म्हणून फोल्डरचे नाव, त्यातल्या उपफोल्डरचे तीन आकडी क्रमांक, आणि फाईलच्या आठ अक्षरी नावातली शेवटची चार अक्षरे म्हणजे चार अंक, हे सगळे तिथे ठरले. कार्डांच्या आकारावर भांडणाऱ्या कंपन्यांचे आतल्या मांडणीवर मात्र एकमत झाले, हे आपले भाग्यच.

१२४ फोटो निघाले. रामघाट, क्षिप्रेच्या पायऱ्या, साधूंचे आखाडे, गर्दीत हरवलेला आणि सापडलेला एक लहान मुलगा, पावसाआधीचे पांढरट आकाश. मामी एकेक पाहत होत्या. पन्नासेक झाल्यावर त्या म्हणाल्या, “सगळे आहेत. हे कुठे आहेत?”

खरेच होते. मामा एकाही फोटोत नव्हते. कॅमेरा सदैव त्यांच्या हातात, मग ते त्यात येणार कसे? मामींच्या म्हणण्याप्रमाणे दोन-चारदा त्यांनी आणि मुलांनी कॅमेरा घेऊन त्यांचे फोटो काढले होते. पण मामा शिस्तीचे. फोटो हलला, डोके कापले गेले, की ते लगेच बटन दाबून तो काढून टाकत. कार्डात जागा कमी, वाईट फोटोला ती कशाला?

आता ‘काढून टाकणे’ म्हणजे काय ते पाहा. कार्डाच्या सुरुवातीला एक अनुक्रमणिका असते. कोणता फोटो कुठल्या खंडांत आहे ते तिच्यात लिहिलेले. फोटो काढून टाकताना कॅमेरा अनुक्रमणिकेतल्या त्या नावाचे पहिले अक्षर बदलून तिथे २२९ हा आकडा ठेवतो आणि त्याने व्यापलेली जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदवतो. खुद्द फोटोला तो हात लावत नाही. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून प्रकरणाचे नाव खोडले म्हणून प्रकरण फाटत नाही, तसेच हे. त्या मोकळ्या जागेवर पुढे दुसरा फोटो लिहिला गेला तरच पहिला खरा नष्ट होतो. झटपट फॉरमॅट केले तरी बहुधा इतकेच होते, नवी कोरी अनुक्रमणिका.

तेव्हा पहिली गोष्ट आम्ही ही केली की त्या कार्डावर काहीही लिहू दिले नाही. एसडीच्या कडेला त्यासाठी एक सरकणारी कळ असते. ती कळ म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा तुकडा, कार्डाला स्वतःला तिची जाणीव नसते. रीडरला ती चाचपून कळते आणि तो शहाणा असेल तर लिहिण्यास नकार देतो. एक्सडीला तेवढीही सोय नाही, म्हणून हात आवरणे हाच उपाय. दुसरी गोष्ट, संपूर्ण कार्डाची पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंत जशीच्या तशी एक प्रत संगणकात घेतली. लिनक्समध्ये यासाठी ‘डीडी’ नावाची जुनी आज्ञा आहे, विंडोजसाठीही अशा मोफत प्रणाली मिळतात. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर. म्हातारे कार्ड पुन्हापुन्हा जागे करण्यात अर्थ नसतो.

मग फोटोरेक नावाची प्रणाली चालवली. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने लिहिलेली ही प्रणाली मोफत आहे आणि तिची रचना कोणालाही पाहता येते. ती अनुक्रमणिकेकडे ढुंकूनही पाहत नाही. प्रत्येक खंडाच्या आरंभी जाऊन २५५, २१६, २५५ असे तीन आकडे ओळीने आहेत का एवढे बघते. जेपेग पद्धतीचा फोटो नेहमी याच तीन आकड्यांनी सुरू होतो. सापडला की तिथून पुढचे खंड उचलत जाते. कॅमेरा एकामागून एक फोटो ओळीने लिहीत असल्यामुळे तुकडे बहुधा सलग सापडतात. रोज शेकडो फाईली लिहिणाऱ्या संगणकाच्या डिस्कवर हेच काम इतके सरळ होत नाही.

३१ फोटो वर आले. काही अर्धेच होते. जेपेग वरून खाली उलगडत जातो, तेव्हा उत्तरार्धावर दुसरा फोटो लिहिला गेला असेल तर वरचे अर्धे चित्र ठीक आणि खाली नुसता करडा पट्टा दिसतो. अशाच एका फोटोत रामघाटावर मामा उभे होते, छातीपर्यंत स्पष्ट, चष्मा कपाळावर, हात पुढे करून बहुधा ‘असा नको धरू’ म्हणत असलेले. खाली करडा रंग. दुसऱ्या एकात ते पूर्ण होते, पण हललेले. तिसऱ्यात त्यांचे डोके कापले गेले होते, मात्र धोतराचा सोगा धरलेला हात आणि मामींची पाठ स्वच्छ. एकूण सात फोटोंत मामा निघाले. त्यांनी स्वतः रद्द ठरवलेले सातही. मामी पडद्याजवळ खुर्ची ओढून बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

जाता जाता आणखी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

तरंगत्या द्वारात अडकलेले इलेक्ट्रॉन कायमचे तिथेच राहत नाहीत. ते हळूहळू पाझरतात, आणि उष्ण हवेत जास्त लवकर. कपाटात ठेवलेले कार्ड म्हणजे तिजोरी नव्हे, बारीक गळणारा रांजण होय. मामांचे कार्ड माळव्याचे कितीतरी उन्हाळे टिकले यात त्या काळच्या जाड घडणीचा वाटा आहे. तेव्हाच्या अशा कार्डांत एका कोषात एकच अंक ठेवत. आजच्या कार्डांत एकाच कोषात तीन-तीन अंक कोंबतात, त्यामुळे थोडी गळतीही भोवते. ज्यांच्या घरी जुनी कार्डे आहेत त्यांनी ती या सुट्टीतच काढून वाचावीत आणि निदान दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात.

कार्ड काढताना ‘सुरक्षितपणे काढा’ हा पर्याय वापरावा. संगणक कधीकधी लिहायचा मजकूर आधी स्वतःजवळ साठवतो आणि सवडीने कार्डावर उतरवतो. मध्येच कार्ड ओढले तर अनुक्रमणिका अर्धवट राहते. नुसते वाचायचे असेल तेव्हा धोका कमी, पण सवय असलेली बरी.

नवे कार्ड घेताना फुगवलेल्या आकड्याचा अनुभव येऊ शकतो. रस्त्यावरच्या टेबलावर अगदी स्वस्तात मिळणारे ६४ गिगाबाइटचे कार्ड प्रत्यक्षात आठचे असते. पोटातला दुभाष्याच खोटे बोलायला शिकवलेला! आठ भरले की तो पुढचा मजकूर घेतो, ‘लिहिले’ म्हणतो, आणि फेकून देतो किंवा आधीच्यावर लिहितो. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू किंवा एफ-थ्री अशा मोफत प्रणाली कार्ड काठोकाठ भरून पुन्हा वाचून पाहतात. नव्या कार्डावर आधी ती परीक्षा घ्यावी, मगच त्यावर लग्नाचे फोटो काढावेत.

रीडर मी उज्जैनलाच ठेवून आलो. शेजारच्या आळीतून एक मेमरी स्टिक आणि दोन स्मार्टमीडिया कार्डे आली, असे नातवाने फोनवर सांगितले. स्टिक उघडली. स्मार्टमीडियातले एक ती डबी ओळखत नाही. ते पाच व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या पिढीचे असावे. त्या पिढीचा कापलेला कोपरा दुसऱ्या बाजूला असतो, एवढे त्याला बघायला सांगितले आहे.

एक काम मात्र प्रणालीला जमत नाही. वाचवलेल्या फोटोंना त्यांची मूळ नावे राहिलेली नसतात. ती अनुक्रमणिकेत होती. फोटोरेक त्यांना नुसता खंडाचा क्रमांक देते. फोटोच्या पोटात तारीख आणि वेळ लिहिलेली सापडते, कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावलेले असेल तर ती खरीही असते. पण कोण उभे आहे, कुठल्या पायरीवर, शेजारची बाई कोणाची कोण, याला त्यात रकाना नाही. ते मामींनी सांगायचे आणि नातवाने टंकायचे, असे रोज संध्याकाळी दहा फोटो चालले होते. मी निघालो त्या दिवशी ते बासष्टाव्यापर्यंत आले होते, आणि त्यातल्या एका साधूच्या नावावरून मामींचा आणि धाकट्या जावेचा वाद सुरू होता.